आईचं सोडियम १११ : जास्त पाणी पिण्यानं काय झालं

कृष्णाकाठ

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. या उन्हाळ्यात आमच्या घरी जे घडलं ते लिहायचंय, कारण त्यातली सगळ्यात मोठी चूक आम्ही घरच्यांनी मिळून, अगदी मायेनं केली.

आई ६८ वर्षांची. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. फेब्रुवारीत कुशीत दुखलं म्हणून सोनोग्राफी केली, तर डाव्या मूत्रपिंडात ५ मिलिमीटरचा खडा. डॉक्टरांनी ‘पाणी भरपूर प्या’ असं सांगून घरी पाठवलं. भरपूर म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आई मुळात शिस्तीची, ३० वर्षं शाळेत शिकवलेली. भावानं तिला वेळा छापलेली लिटरची बाटली आणून दिली. मग तिनं कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं की रोज पाच लिटर पाण्यानं खडा विरघळतो. झालं, दिवसाला पाच बाटल्या सुरू. एप्रिलात ऊन वाढलं तशी सहावी. प्रत्येक बाटलीची वहीत खूण. पोट सतत पाण्यानं भरलेलं, त्यामुळे जेवण उतरत गेलं. सकाळी चहा, दुपारी भाताची पेज, रात्री पुन्हा पेज नाहीतर पातळ ताक. बीपीमुळे मीठ तर आधीपासूनच बेताचं.

आठ-दहा दिवसांत ती थकल्यासारखी दिसायला लागली. आम्ही म्हटलं, ऊन बाधलं. मग डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं. एके दिवशी तिनं मला मावशीच्या नावानं हाक मारली. त्याच दिवशी दूध उतू जाऊन गॅस विझला आणि ती शेजारी नुसती बघत उभी होती. संध्याकाळी दोन उलट्या झाल्या.

आता आम्ही काय केलं ते सांगते. उलटी, चक्कर, उन्हाळा, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं असणार, असं धरून चाललो. मी लिंबाचं सरबत दिलं. वहिनीनं शहाळं फोडलं. भाऊ रात्रभर उशाशी बसला आणि दर अर्ध्या तासानं तिला उठवून पेलाभर पाणी पाजत राहिला. पहाटे साडेचारला तिला झटका आला. दातखीळ, डोळे पांढरे, हातपाय ताठ.

दवाखान्यात रक्त तपासलं. सोडियम १११. ते १३५ ते १४५ असावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी विचारलं, मीठ कमी खाल्ल्यानं झालं का? डॉक्टर म्हणाले, “मीठ थोडं कमी असेल, पण खरं म्हणजे पाणी फार झालंय. आता एक थेंबही मला विचारल्याशिवाय द्यायचा नाही.”

नऊ दिवस दवाखान्यात होतो. घसा कोरडा पडलाय म्हणून आई पाणी मागायची आणि मी ओल्या कापसानं नुसते ओठ पुसायचे. दुसऱ्या दिवशी सोडियम ११८, तिसऱ्या दिवशी १२४. मी तिथल्या डॉक्टरांशी भांडलेही. सलाइनमध्ये मीठच घालायचंय ना, मग एका दिवसात का होत नाही? ते शांतपणे म्हणाले की घाई केली तर मेंदूला इजा होईल. तेव्हा मला ते नीट समजलं नव्हतं.

इथे डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारते. नेमकं काय होतं शरीरात? आणि माणसानं पाणी प्यायचं तरी किती?

रातराणी

वाचताना घशाला कोरड पडली. आई आता कशा आहेत?

आमच्या सासऱ्यांचंही दोन वर्षांपूर्वी ‘सोडियम कमी झालं’ होतं. घरी आणल्यावर आम्ही त्यांच्या ताटात वरून मीठ वाढायचो, लोणचं द्यायचो. तहान लागायची म्हणून पाणीही आधीसारखंच, उलट जास्तच. पंधरा दिवसांत पुन्हा भरती करावं लागलं. पाणी मोजून द्यायचं असतं हे आम्हाला दुसऱ्या वेळेला कळलं.

अतिदक्षता

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मी १५ वर्षं आयसीयूत काम करतो. उन्हाळ्यात वयस्कर माणूस गोंधळलेल्या अवस्थेत आणला की माझ्या मनात पहिली शंका सोडियमचीच येते. आणि सोबतचे नातेवाईक बहुतेक वेळा हेच सांगतात : “आम्ही पाणी भरपूर पाजत होतो हो.”

एका पातेल्यात वरण आहे, मीठ अगदी बरोबर पडलंय. त्यात दोन तांबे पाणी ओतलं तर वरण अळणी लागेल. मीठ कुठेही गेलेलं नाही, पाणी वाढलंय. रक्तातलं सोडियम आपण असंच मोजतो : एका लिटरमागे किती (मिलिमोल हे त्याचं माप). म्हणून ‘सोडियम कमी’ या अहवालाचा अर्थ बऱ्याचदा ‘पाणी जास्त’ असा निघतो. (बऱ्याचदा म्हणतोय, नेहमी नाही. जुलाब-उलट्यांतून क्षार गेल्यानं, हृदय किंवा यकृत निकामी होत असल्यानं, फुप्फुसाच्या काही आजारांतही ते उतरतं. म्हणून घरी बसून निदान करू नये.)

रक्त असं पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. हरभरे भिजत घातले की फुगतात तसं. हाताच्या, पायाच्या पेशी फुगल्या तर कातडी ताणली जाते, अंगठी घट्ट होते, एवढंच. पण तेच हरभरे घट्ट झाकणाच्या पितळी डब्यात भिजले तर? कवटी हा तो डबा. फुगलेल्या मेंदूला जायला जागा नसते. आधी डोकेदुखी आणि मळमळ, मग उलटी, मग नावं चुकणं, बरळणं, गुंगी, मग झटका. आणखी दाब वाढला तर मेंदूचा तळाचा भाग खाली सरकतो आणि श्वास थांबतो. आकडा फार झपाट्यानं घसरला तर १२५ वरही झटका येऊ शकतो. हळूहळू घसरला तर माणूस ११५ वरही चालताबोलता असतो, फक्त तोल जातो, विसरायला होतं.

आता मूत्रपिंडाचं. निरोगी मूत्रपिंड तासाला साधारण ८०० मिलिलिटर ते १ लिटर जादा पाणी बाहेर टाकू शकतं. त्याहून वेगानं पाणी आत गेलं तर ते साठत जातं. पण आईंच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे पेज. लघवी कितीही पातळ झाली तरी ती निव्वळ पाणी कधीच होत नाही. प्रत्येक लिटरबरोबर थोडे क्षार, थोडा युरिया (प्रथिनं पचल्यावर उरणारा टाकाऊ घटक) जावाच लागतो, आणि ते येतात जेवणातून : मिठातून, डाळीतून, दुधा-अंड्यातून. पोटभर जेवणाऱ्या तरुण माणसाचं मूत्रपिंड दिवसाला १२-१५ लिटरही बाहेर काढू शकतं. तेच मूत्रपिंड नुसत्या चहा-पेजेवर राहणाऱ्या माणसात चार-पाच लिटरलाच थकतं. आईंनी पाणी वाढवलं आणि त्याच वेळी जेवण कमी केलं, म्हणजे पाण्याला बाहेर नेणारी गाडीच काढून घेतली.

त्यात बीपीची गोळी. त्या कुठली घेत होत्या?

कृष्णाकाठ

टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली. दवाखान्यात पहिल्याच दिवशी ती बंद करून दुसरी दिली.

अतिदक्षता

मग साखळी पूर्ण झाली. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड ही चांगली औषधं आहेत, लाखो लोक घेतात. पण ती मूत्रपिंडाची लघवी पातळ करण्याची ताकद कमी करतात. वयस्कर, सडपातळ बायकांमध्ये याचा त्रास जास्त दिसतो. नैराश्यावरची सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, फिट्सवरची कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन यांनीही सोडियम उतरू शकतं. हे वाचून कुणीही आपली गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा की या गोळीवर असताना सोडियम तपासून घ्यायला हवं का.

तुमच्या त्या रात्रीबद्दल. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यातून वॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं. ‘पाणी धरून ठेवा’ हा त्याचा मूत्रपिंडाला हुकूम. पाणी जास्त झालं की ते बंद व्हायला हवं. पण वेदना, भीती, शस्त्रक्रिया, खूप वेळ चाललेला व्यायाम आणि विशेषतः मळमळ या सगळ्यांत ते उलट वाढतं. म्हणजे मेंदूला सूज आली म्हणून मळमळ, मळमळीमुळे वॅसोप्रेसिन, त्यामुळे पाणी आत अडकलेलं, आणि वरून दर अर्ध्या तासाला पेला. भावाला दोष देऊ नका. लक्षणं हुबेहूब पाणी कमी झाल्यासारखीच दिसतात, तिथेच सगळे फसतात. काही ठिकाणी डॉक्टरही फसतात.

आणि सावकाशीचं कारण. दोन दिवसांहून जास्त काळ सोडियम कमी राहिलं तर मेंदूच्या पेशी आपल्यातले क्षार बाहेर टाकून सूज उतरवून घेतात, त्या परिस्थितीशी जुळवून घेतात. आता बाहेरचं सोडियम एकदम चढवलं तर त्याच पेशींतलं पाणी खेचलं जातं आणि मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं, मुख्यतः मेंदूच्या देठाजवळ. माणूस आधी शुद्धीवर येतो, घरचे आनंदतात, आणि काही दिवसांनी बोलणं, गिळणं, हातपाय हलवणं जातं. म्हणून २४ तासांत साधारण ८ पेक्षा जास्त चढू द्यायचं नाही. झटका चालू असेल तर तीन टक्क्यांचं सलाइन १००-१५० मिलिलिटर पटकन देऊन ४ ते ६ अंकांनी वर आणतो, तेवढ्यानं मेंदू वाचतो, आणि मग पाय ब्रेकवर. गोळी बंद केली, मळमळ थांबली की कधीकधी लघवी एकदम धो-धो होते आणि सोडियम आपोआप उसळी घेतं. त्यासाठीच रात्री दर काही तासांनी रक्त काढत होते. तुमच्या डॉक्टरांनी १११, ११८, १२४ असं नेलं, अगदी योग्य नेलं.

बालाघाट

माफ करा, पण मला हा धागा वाचून काळजी वाटते. मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण फडात आडोसा नसतो. लघवीला जळजळ, मूतखडे, चक्कर येऊन पडणं हे आम्ही रोज बघतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या कार्यक्रमात उन्हात बसलेली माणसं उष्माघातानं गेली, ते विसरलो नाही. अशा राज्यात ‘जास्त पाणी धोक्याचं’ ही गोष्ट व्हॉट्सॲपवरून फिरायला लागली तर जी बाई आत्ताच दोन पेले पिते ती एकावर येईल. पाणी जास्त पिऊन मरणारे किती आणि कमी पिऊन मरणारे किती?

कृष्णाकाठ

दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. फडातल्या बाईला हा धागा लागू नाही, तिला पाणी आणि आडोसा दोन्ही मिळायला हवेत. माझी आई पंख्याखाली बसून, तहान नसताना, वहीतल्या खुणेसाठी पीत होती. मी तिच्यासारख्यांसाठी लिहिलं.

अतिदक्षता

बालाघाट, अगदी बरोबर मुद्दा. उन्हात राबणाऱ्याच्या घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातं, त्याला दोन्ही परत द्यावं लागतं. दिवसभर घाम गाळून नुसतं साधं पाणी ढोसलं तर त्यालाही पेटके येतात, सोडियम उतरतं. मिठाचं ताक, भाकरीबरोबर ठेचा, पेजेत मीठ ही आपली जुनी सोय उगाच नाही. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम असतं. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच कालवायचं, पुरवठ्याला यावं म्हणून दोन लिटरमध्ये नाही.

फरक कसा ओळखायचा, हे विचारणारच कुणीतरी. पाणी कमी असेल तर जीभ कोरडी, नाडी जलद, लघवी थोडी आणि गडद, वजन उतरलेलं. पाणी जास्त असेल तर बोटं-चेहरा सुजल्यासारखा, पोट गच्च, वजन चढलेलं. लघवीच्या रंगावर मात्र पूर्ण विसंबू नका. वॅसोप्रेसिन वाढलेलं असताना अंगात पाणी जास्त असूनही लघवी गडद होते. सगळ्यात कामाचा प्रश्न हा : गेल्या काही तासांत या माणसानं किती पाणी प्यायलंय? उत्तर ‘तीन-चार लिटर’ असेल आणि माणूस बरळत असेल तर आणखी पाजू नका, दवाखाना गाठा आणि हे उत्तर तिथे सांगा.

धावता_धोटा

पुण्यातून. आठ वर्षं लांब पल्ल्याचं धावतो, त्यामुळे या विषयावर थोडं लांबण लावतो.

आमच्या गटातली एक मैत्रीण पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन धावत होती. शर्यतीचं नाव घेत नाही. तिला कुणीतरी बजावलं होतं, ‘तहान लागली म्हणजे उशीर झाला, त्याआधीच पीत राहा.’ तिनं पाण्याचं एकही टेबल सोडलं नाही. सहा तासांजवळ वेळ लागला. शेवटी ती अडखळत आली, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतलेला, बोटं वांग्यासारखी. तिथल्या स्वयंसेवकानं लगेच पाण्याची बाटली पुढे केली. सुदैवानं तंबूतल्या डॉक्टरनं विचारलं, वाटेत लघवी झाली का, किती प्यायलीस? वजन करून बघितलं तर सकाळपेक्षा दीड किलो जास्त. ४२ किलोमीटर धावून वजन वाढणं कसं शक्य आहे? पाणीच ते. रक्तात सोडियम १२४ निघालं.

तेव्हापासून मी वाचत गेलो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांची एक धावपटू याच कारणानं गेली. त्याच शर्यतीतल्या ४८८ धावपटूंचं रक्त शेवटी तपासलं होतं, त्याचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ किंवा कमी होतं, तिघांचं १२० किंवा त्याहूनही खाली. धोका कुणाला जास्त? धावताना वजन वाढलेल्यांना, चार तासांहून जास्त वेळ लागलेल्यांना. म्हणजे पुढचे जिंकणारे नाहीत, मागून सावकाश येणारे, ज्यांना प्यायला वेळही भरपूर असतो आणि घामही कमी येतो.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत आपल्याकडे आता बऱ्याच जणांना माहीत आहे, पुण्या-मुंबईहून दरवर्षी लोक जातात, जवळपास ९० किलोमीटर. टिम नोक्स या तिथल्या शास्त्रज्ञानं या आजाराचा पहिला मागोवा घेतला. १९८५ साली त्यांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंमधल्या जलविषबाधेवर निबंध लिहिला आणि पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले की धावपटूला वाचवायचं असेल तर त्याला तहानेप्रमाणे पिऊ द्या. अमेरिकी लष्करानंही सैनिक असे दगावल्यावर १९९८ मध्ये नियम बदलला : कितीही ऊन असो, तासाला साधारण १.४ लिटरच्या वर आणि दिवसाला साधारण ११ लिटरच्या वर पाणी नाही.

रंगीत स्पोर्ट्स ड्रिंकबद्दल एक गैरसमज फार आहे. त्यात मीठ असतं म्हणून ते कितीही चालतं, असं लोकांना वाटतं. त्यातलं सोडियम रक्ताच्या मानानं फार तर सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढं असतं. म्हणजे तेही वरणात ओतलेलं पाणीच.

मी आता सरावाआधी आणि नंतर वजन करतो. एक-दीड किलो उतरलं तर हरकत नाही, जेवणातून भरून निघतं. चढलं तर मी चुकलो.

पॅसिफिक_किनारा

उत्तर कॅलिफोर्नियात राहते. जानेवारी २००७ मध्ये इथे सॅक्रामेंटोला एका रेडिओ स्टेशननं स्पर्धा ठेवली होती : पाणी पीत राहायचं, लघवीला जायचं नाही, शेवटपर्यंत टिकेल त्याला व्हिडिओ गेमचं यंत्र. तीन मुलांची आई, २८ वर्षांची, मुलांसाठी ते यंत्र जिंकायला गेली होती. दुसरी आली. घरी जाताना डोकं खूप दुखतंय म्हणाली आणि त्याच दुपारी ती घरात मृत सापडली. कार्यक्रम चालू असताना एका बाईनं फोन करून बजावलंही होतं की यानं माणूस मरू शकतो. २००९ मध्ये ज्युरीनं कुटुंबाला १ कोटी ६५ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली.

त्याआधी २००५ मध्ये इथल्याच चिको शहरात २१ वर्षांच्या एका कॉलेजच्या मुलाला रॅगिंगमध्ये थंडगार तळघरात व्यायाम करायला लावून पाणी पाजत राहिले होते. तोही गेला. माझा मुलगा यंदा कॉलेजला जातोय, त्याला मी दारूबद्दल सांगितलं तसं पाण्याबद्दलही सांगितलं.

रातराणी

बापरे. म्हणजे सोनोग्राफीला ‘लघवी तुंबवून या’ म्हणतात तेव्हा मी दीड-दोन लिटर पाणी एकदम पिते, तेही धोक्याचं?

अतिदक्षता

तेवढ्यासाठी तीन-चार पेले, सावकाश, तासभर आधी, पुरतात. नंबर लागत नाही म्हणून आणखी पिऊ नका. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर तिथल्या सिस्टरना सांगा आणि लघवी करून या, पुन्हा थांबावं लागलं तरी चालेल.

वऱ्हाडी_माय

मी अकोल्याकडे आशा कार्यकर्ती आहे. मोठ्या माणसांचं झालं, आता लेकरांचं सांगते.

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईचं दूध सोडून काही द्यायचं नाही, पाणीही नाही. हे आम्ही घरोघर सांगतो, आणि मे महिन्यात हमखास आजीबाई अडवतात : “एवढी ऊन तापून राह्यली, अन् लेकराले घोटभर पाणी नोको म्हन्ता?” आजीचा जीव तुटतो म्हणून ती बोलते, तिला रागावून उपयोग नाही. मी सांगते, दुधात दहा भागांतले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. ऊन आहे तर बाळाला जास्त वेळा अंगावर घ्या, आणि पाणी आईला पाजा.

कारण असं की इतक्या लहान बाळाचं मूत्रपिंड कोवळं असतं, जादा पाणी बाहेर टाकता येत नाही. पोटही केवढंसं, पाण्यानं भरलं की दूध सुटतं. मागे एका घरात पावडरचं दूध चालू होतं. डबा महाग म्हणून एका मापाऐवजी अर्धं माप, पाणी तेवढंच. बाळ सुस्त पडायला लागलं, अंग गार, मग झटके. लोकांना वाटलं नजर लागली. दवाखान्यात सोडियम खूप कमी निघालं. बाळ वाचलं. त्या आईनं पैसे वाचवायला केलं होतं, तिला कोण काय बोलणार. आता मी पावडरचा डबा दिसला की माप स्वतः भरून दाखवते, एकदा नाही, दोनदा.

गुटी, ग्राइप वॉटर, साखरपाणी यांनाही हेच लागू.

अबोली

लिहू की नको असा विचार दोन दिवस करत होते.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, २२ वर्षांचा असल्यापासून. तो पाणी पितो. म्हणजे कसं, तर दहा-बारा लिटर, कधी त्याहून जास्त. आम्ही माठ हलवला, बाटल्या लपवल्या, तर तो नळाला तोंड लावायचा. नळ बंद केला तर बादलीतलं, एकदा कुंडीखालच्या ताटलीतलं. विचारलं तर म्हणायचा, आत काहीतरी जळतंय, ते विझवायचंय. शेजारी म्हणायचे, पाणीच तर पितोय, दारू तर नाही ना. आम्हालाही बरीच वर्षं ते निरुपद्रवीच वाटत होतं. मग दोनदा झटके आले. पहिल्यांदा ते मानसिक आजाराचेच समजले गेले, रक्त तपासलं नाही. दुसऱ्यांदा एका तरुण डॉक्टरनं सोडियम बघितलं, ते ११४ होतं.

आता आम्ही रोज सकाळी आणि संध्याकाळी त्याचं वजन करतो. दिवसभरात दोन-अडीच किलो वाढलं की समजायचं आज खूप प्यायलाय, मग त्याच्याजवळ कुणीतरी बसून राहतं. डॉक्टरांनी औषधही बदललं. बर्फाचे छोटे तुकडे, लवंग, बडीशेप तोंडात धरायला देतो, औषधांनी तोंड कोरडं पडतं त्याला थोडा आराम मिळतो. तो आता कमी पितो, पूर्ण थांबलेला नाही. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी याला खोड समजू नका, त्याच्या डॉक्टरांना ‘तो पाणी किती पितो’ हे आपणहून सांगा. आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही, त्यात सहा वर्षं गेली.

कृष्णाकाठ

अबोली, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. भावाला आणि तुम्हाला खूप बळ मिळो.

अतिदक्षता

अबोलीताई, सकाळ-संध्याकाळच्या वजनाची पद्धत मनोरुग्णालयांतही वापरतात. तुम्ही घरी ती वर्षानुवर्षं चालवताय, हे सोपं नाही.

एक जोड देतो. खूप पाणी पिणं हे कारण नसून लक्षणही असू शकतं. मधुमेहात साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते म्हणून तहान लागते. वॅसोप्रेसिनच कमी पडतं असा एक वेगळा आजार आहे, त्यात माणूस दिवसाला दहा लिटर लघवी करतो आणि पाणी मिळालं नाही तर सोडियम उलट चढतं. त्यामुळे कुणाची तहान अचानक वाढली, रात्री पाण्यासाठी चार-चार वेळा उठावं लागतंय, तर पाणी तोडू नका, आधी साखर, सोडियम आणि लघवी तपासून घ्या.

त्रिफळा

मी वैद्य आहे. सकाळी उठल्याबरोबर दोन-तीन लिटर पाणी पिण्याला लोक हल्ली सर्रास आयुर्वेदाचं नाव देतात, म्हणून लिहितो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात शरद आणि ग्रीष्म सोडले तर निरोगी माणसानंही पाणी थोडंच प्यावं असं सांगितलं आहे, आणि सूज, पांडू (अंग फिकट पडणं), उदर (पोटात पाणी साठणं), अग्निमांद्य (पचन मंदावणं) असलेल्यांनी तर आणखी जपून. उषःपान म्हणजे पेलाभर, सोसेल तेवढं. हंडाभर नव्हे.

धावता_धोटा

मग ‘दिवसाला आठ ग्लास’ आलं कुठून? मी शोधलं तेवढं सांगतो. १९४५ मध्ये अमेरिकेच्या एका आहार मंडळानं मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं. त्याच्याच पुढे होतं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. पुढचं वाक्य गळून गेलं, आकडा तेवढा राहिला. २००२ मध्ये हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञानं आठ ग्लासांना शास्त्रीय आधार शोधून पाहिला, निरोगी माणसासाठी तो सापडला नाही. आपल्या ताटात तर आमटी, भात, पालेभाजी, काकडी, ताक, म्हणजे पाणी जेवणातच भरपूर.

आणि २०१६ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात एक छान प्रयोग झाला. तहान भागल्यावरही लोकांना पाणी प्यायला लावलं, तर गिळायला तिप्पट जोर लागतो असं त्यांनी सांगितलं. शरीर घसाच आवळून घेतं. ‘आता घोट उतरत नाही’ असं आपण म्हणतो ते खरंच असतं.

कृष्णाकाठ

हेच! आई तेव्हा म्हणायची, “आता जात नाही गं.” आणि मी म्हणायचे, “थोडंच राहिलंय, संपव.”

खड्याचं काय करायचं, हा माझा शेवटचा प्रश्न.

अतिदक्षता

खडा असलेल्यांना पाणी जास्त लागतंच, ते खोटं नाही. पण लक्ष्य लघवीचं असतं : दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी. त्यासाठी साधारण अडीच-तीन लिटर पाणी पुरतं, उन्हाळ्यात थोडं वाढेल, तेही दिवसभरात विभागून आणि व्यवस्थित जेवून. ५ मिलिमीटरचा खडा बरेचदा आपोआप पडतो. कॅल्शियमचा खडा पाण्यानं विरघळत नाही, पाच लिटरनं नाही आणि दहा लिटरनंही नाही. आईंचं सोडियम नुकतंच सावरलंय, म्हणून त्यांचा आकडा मात्र त्यांचे मूत्रपिंडतज्ज्ञ ठरवतील. हृदयाचे, डायलिसिसचे, यकृताचे रुग्ण यांनीही आपल्या डॉक्टरांनी दिलेलं मापच पाळावं. इथला कुठलाही आकडा त्यांच्यासाठी नाही.

कृष्णाकाठ

धन्यवाद डॉक्टर. विचारून घेतलं. आईला सध्या दिवसाला दीड लिटर सांगितलंय, महिन्यानं पुन्हा बघणार. काल सोडियम १३७ आलं. जेवण परत सुरू झालंय, परवा तिनं स्वतः मागून पिठलं-भाकरी खाल्ली. दवाखान्यातले पहिले चार दिवस तिला आठवत नाहीत, पण मला मावशीच्या नावानं हाक मारली होती हे कुणीतरी सांगितलं तर तिचे डोळे भरले.

ती बाटली भावानं पुसून माळ्यावर ठेवली. आई आता तिच्या जुन्या तांब्या-भांड्यातून पिते. काल दुपारी मी सवयीनं विचारलं, “पाणी देऊ?” म्हणाली, “तहान लागली की मी मागते.”